पिंपळाच्या पानाचं भांडण

भाऊजी, परवा तुमच्या मशीनला गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मिलिंदनंच आणलं होतं त्याला. लेक माझा, पण पुतण्या तुमचाच. तुम्ही गेल्यापासून गप्प असतो आणि घरातलं काही ना काही आवरत सुटतो. त्या माणसानं मडकं वाजवून बघावं तशी मशीनला टिचकी मारली आणि म्हणाला, "आजी, हे मॉडेल आता कोन वापरतंय? नगरला जा, श्रीरामपूरला जा, जाल तिथं त्या मोठ्या कंपन्यांचाच कॉम्प्युटर. हे मी आपलं सुट्या भागांसाठी नेतो."

म्हटलं, "बाबा, मी बी जुनंच मॉडेल हाय. मला बी न्हेतोस का सुट्या भागांसाठी?"

मिलिंद हसला. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा हसला बघा.

तर मशीन कुठं जात नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला लावून बसू नका. मला बोलायचंय ते पानाबद्दल. पान सगळ्या प्रेसवाल्यांना द्यायचं, का आपल्याकडंच ठेवायचं, ते आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात. भांडणातून उठून जायची तुमची सवय जुनीच. पण दरवेळी चहाला परत यायचात की हो.

कसलं पान म्हणून वाचणारे विचारतील. त्यांना सांगायला मला सुजाताच्या लग्नापर्यंत मागं जावं लागतंय.

तेव्हा बेलापुरातला आपला छापखाना खिळ्यांचा होता. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, छापून झालं की सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. ते टाकायचं काम माझं. शाळा मी पाहिली नव्हती. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तर मी आधी उलटं वाचायला शिकले आणि मग सुलटं. तुम्ही पुण्याहून आलात की चिडवायचा, "वहिनी, पेपर आरशात धरून वाचा." तुमचे दादा गेले आणि छापखाना मंदावला. सगळ्यांना कॉम्प्युटरवरची गुळगुळीत पत्रिका हवी झाली. खोटं कशाला बोलू, मलाही लेकीच्या लग्नाला तीच हवी होती. म्हणून आपण नगरला दिली.

गठ्ठा घरी आला, सोडला, तर प्रत्येक पत्रिकेवर वरती मधोमध गणपती आणि खाली "कुलदैवतांच्या कृपेने". मजकूर लिहून दिला होता तुम्ही स्वतः. मामंजींनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात कुठलं कुलदैवत उरलं होतं? तुम्ही तसेच उलट्या पावली नगरला गेलात आणि संध्याकाळी परत आलात ते चेहरा टाकून. तिथला ऑपरेटर म्हणाला होता, "वरचं फिक्स असतं. तुम्ही फक्त नावं सांगायची."

लग्न तोंडावर आलेलं. मग आपण पायानं चालवायच्या ट्रेडलवर बुद्धवंदनेच्या पट्ट्या छापल्या, गव्हाच्या पिठाची खळ केली आणि तुम्ही-मी बसून एकेका पत्रिकेवर चिकटवल्या. माझं गणपतीशी काही वाकडं नाही. शेजारी बसतो तेव्हा आरतीनंतर पहिला मोदक मलाच येतो. पण शेजाऱ्याच्या दारावरची पाटी आपल्या दारावर कुणी ठोकून गेलं, तर ती काढायचीच ना? आपण काढली. आणि लग्नात, सुजाताच्या सासरच्या एका म्हाताऱ्यानं खिशातली घामेजलेली पत्रिका वर करून सगळ्यांत विचारलं, "व्हय पाव्हनं, ही पट्टीखालनं सोंड कुनाची दिसतीया?"

मांडव हसला. तुम्हीही हसलात. पण जेवायला बसला नाहीत, ते मी पाहिलं.

त्यानंतर तुम्ही पुण्याला गेलात ते त्या मशीनलाच घेऊन आलात. ज्या प्रेसमध्ये आधी नोकरी केली होती तिथलं वापरलेलं, गोधडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून. स्टँडवर कोणीतरी विचारलं, "टीव्ही का हो मास्तर? येवढासा? आन् रंगीत न्हाई?" रंगीत नव्हताच. काळा-पांढरा आणि पाटीएवढा. मी विचारलं, सगळे घेतात तो सोडून हा का? तुम्ही म्हणालात, "वहिनी, त्यांच्यात आधी इंग्रजीतनं हुकूम सोडावा लागतोय. ह्याच्यात चित्रं हायेत. आन् काचेवर दिसंल तेच कागदावर येतंय."

मला त्यातलं पहिलं भावलं. मला इंग्रजी कुठं येत होतं? तुमच्या मशीनमध्ये कागदाच्या जागी कागदाचं चित्र, कपाटाच्या जागी कपाटाचं, आणि कोपऱ्यात कचऱ्याचा डबा. माऊसला बटण एकच. दुसऱ्यांच्याला दोन असायची म्हणे. तुम्ही म्हणायचा, "एकच बटन हाय, चुकायला जागाच न्हाई." आणि मी चुकायचेच.

आठवतंय का, पतसंस्थेचा अहवाल? चेअरमन स्वतः शेजारी बसून दुरुस्त्या सांगत होते. काम संपलं आणि तुम्ही त्यांच्या फ्लॉपीचं चित्र उचललंत आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलंत. मी ओरडले, "अहो भाऊजी! अख्खा अहवाल उकिरड्यावर!" चेअरमन खुर्चीतून उठले. तेवढ्यात मशीननं फ्लॉपी अलगद बाहेर काढून दिली, सुपारी द्यावी तशी. तुम्ही म्हणालात, "ह्याच्यात निरोप द्यायची रीत अशीच हाय." चेअरमन बिचारे फ्लॉपी पुसत गेले ते पुढच्या वर्षी आलेच नाहीत.

आणि मग ते पान. विहाराच्या अंगणातल्या पिंपळाचं पान तुम्ही आणायचात, ओलं करून काचेला चिकटवायचात, आणि त्याच्या कडेकडेनं माऊस फिरवायचात. पान वाळायचं, गळून पडायचं, की दुसरं. काचेवर कड उमटायची ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी. एकेक पायरी तुम्ही घासून मोडलीत. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "कोबी झालाय." तुम्ही चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आता विड्याचं झालं." तेव्हा म्हणालात, "वहिनी, तुमी जरा स्वयंपाकाकडं बघता का?" पण शेपूट कुठं वळतं ते शेवटी मीच दाखवलं. पिंपळाच्या पानाचं सगळं रूप त्या शेपटात असतं. ते जमलं आणि मग देठ, शिरा, आत बारीक धम्मचक्र.

पहिली पत्रिका घोडेगावच्या एका बापानं नेली. बैल विकून बाजारातनं थेट इकडं आला होता, पायजम्यावर शेणाचे डाग. कच्चा कागद हातात घेऊन म्हणाला, "ह्ये आपलं हाय? का कुठनं उचललं?"

"आपलंच," तुम्ही म्हणालात. "हितंच बसून काढलंय."

"मंग बारकं का काढलं? जरा दांडगं करा की!"

त्यानंतर जो येईल तो तेच म्हणायला लागला. पान वाढत वाढत नवरीचं नाव काठाला गेलं. नेवाशाहून लोक आले, राहात्याहून, पार वैजापूरकडूनही आले. सगळ्या मुलखाच्या पत्रिका काढल्यात, स्वतःची तेवढी राहिली तुमची. मी कितीदा म्हटलं. तुम्ही म्हणायचा, "पान तयार हाय, नाव सापडंना."

पण भाऊजी, मेल्या माणसाचं सगळंच चांगलं म्हणायची रीत मला मान्य नाही, तुम्हालाही नव्हती. तुमच्या मशीननं त्रास काय कमी दिला? बिघडलं की पुण्याशिवाय वैद्य नाही. पुन्हा गोधडी, पुन्हा एस.टी. मधेच काम करता करता मशीन अडायचं आणि पडद्यावर बॉम्बचं चित्र यायचं, आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दार उघडून रस्त्यावर गेले होते. मराठी अक्षरांची वळणं आपल्याकडं दोन, श्रीरामपूरच्या सुरेशशेठच्या प्रेसमध्ये मोजायला बसावं लागेल इतकी. साखर कारखान्याचं काम आपल्या दारापर्यंत आलं होतं. त्यांची फ्लॉपी घातली तर तुमच्या मशीननं सरळ विचारलं, ही मला वाचता येत नाही, पुसून टाकू का? कारखान्याच्या माणसानं झडप घालून फ्लॉपी काढायला बघितली, तर काढायला बटणच नाही! दोन-तीन वर्षांत त्या मोठ्या कंपन्यांच्यातही चित्रं आली, रंग आले, ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या मालकाच्या पोरालाही तो कॉम्प्युटर चालवता यायला लागला. मी म्हटलं, आता तरी एक तसला घेऊ. तुम्ही म्हणालात, "घ्या. मी मेल्यावर घ्या."

घेणार आहे. मिलिंदला मी हो म्हटलंय. तुमच्या मशीनच्या शेजारी ठेवणार, जागी नाही. इथं तुम्ही चुकलात आणि मी तोंडावर सांगते. दोन बैल असले की एकाचा अपमान होत नाही.

आता त्या भांडणाकडं येते. माझ्या बहिणीची संगीता पुणतांब्याला दिलेली. तिच्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली ती चोरासारखी, पदराखाली धरून. वरती निळ्या पेनानं गिरगटलेलं. "मावशी, बेलापूरला यायला कुनाला सवड न्हवती. जवळच छापली. त्यांच्याकडं तेवढं एकच तयार हुतं." गिरगटलेल्या शाईखाली काय होतं ते विचारायची गरजच नव्हती.

ती गेल्यावर मी तुमच्यासमोर पत्रिका ठेवली. "भाऊजी, हे पान कोपरगावला द्या, राहात्याला द्या, नगरला द्या. आपल्या लोकांनी किती दिवस एस.टी.नं बेलापूरला यायचं?"

"देनार न्हाई."

"का? गिऱ्हाईक जाईल म्हणून?"

"गिऱ्हाईक ग्येलं चुलीत. त्यांनी बसून गनपती काढला, कलश काढला, सनई-चौघडा काढला. आपल्यासाठी एकदा बसू द्या की. का तेबी आपनच करून न्हेऊन द्यायचं?"

"आन् तवर पोरींनी खोडलेल्या पत्रिका वाटायच्या?"

"वाटू द्या. खोडलेलं दिसू द्या लोकान्ला."

"पट्ट्या तुम्हीबी चिकटवल्यात. इसरलात?"

"इसरलो न्हाई, म्हनूनच!"

आणि उठून गेलात. संध्याकाळी चहाला आलात, चहा निमूट घेतलात, आणि दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा काढलं. असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी दवाखान्यातसुद्धा, नळ्या लावलेल्या असताना, मी उशी सारखी करत होते तर डोळे न उघडता म्हणालात, "देनार न्हाई." मी म्हटलं, "गप पडा." तेच आपलं शेवटचं बोलणं. लोक विचारतात, जाताना काय म्हणाले? मी सांगते, काही नाही. काय सांगू?

तुम्ही गेलात आणि तुमच्या मागं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका काढायची वेळ आली. मिलिंदला वाटलं आईला त्रास नको, म्हणून तो श्रीरामपूरला जाऊन तयार नमुना घेऊन आला. सुबक होता हो, काळी चौकट, कोपऱ्यात फुलं. वर लिहिलेलं, "कै. प्रभाकर". खाली, "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

मी म्हटलं, "मिलिंद, तुझा काका कैलासाला ग्येला?"

"आई, तयार असतंय ते. नाव फक्त बदलायचं."

"मंग आयुष्यभर त्यानं काय बदललं रे?"

पोरगं रडायला लागलं. मी त्याला जवळ घेतलं, आणि मग तुमच्या खुर्चीवर जाऊन बसले. तुमच्या खुर्चीचा एक पाय लंगडतो हे मला माहीत नव्हतं. मशीन चालू केलं. घंटा वाजली. कै.च्या जागी कालकथित प्रभाकर, असं वरती टाइप केलं, आणि मग काय लिहावं ते सुचेना. दुसऱ्यांच्या दुःखाच्या पत्रिका किती काढल्या आपण, मजकूर पाठ होता. तुमच्या नावाखाली एकही ओळ बसेना. मधेच बॉम्ब आला. मी रस्त्यावर गेले नाही, बंद करून पुन्हा चालू केलं आणि सगळं पहिल्यापासून लिहिलं. तारीख, वेळ, विहार, सर्वांनी उपस्थित राहावे. वरती पान. शोकाकुल शब्द मी घातलाच नाही. रागाकुल असा शब्द असता तर घातला असता.

ती काढून छापायला सुरेशशेठकडं श्रीरामपूरला घेऊन गेले, कारण मोठं यंत्र त्याच्याकडं. माणूस भला आहे. तुम्ही त्याला कधी भला म्हटलं नाही. त्यानं कागद उजेडात धरला, बराच वेळ पानाकडंच बघत राहिला, आणि म्हणाला, "काकू, एक सांगू का, रागवू नका. दोनदा मी हे पान तुमच्या पत्रिकेवरनं स्कॅन करून बघितलं."

"चोरून?"

"चोरूनच की. पण जमलं न्हाई. कडा फाटत्यात. एका गिऱ्हाइकानं विचारलं, पळसाचं पान का टाकलंय?"

मला हसू आलं, भाऊजी. तुमच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका हातात आणि मी त्याच्या दुकानात पोट धरून हसले. मग तो म्हणाला, "तुमची लोकं माझ्याकडं बी येत्यात. वर काय टाकायचं म्हटलं की माझ्याकडं काय न्हाई. मोठं, साफ काढून द्याल का? भाऊंना मागायची माझी हिंमत झाली न्हाई."

मी पिशवी उचलली. एस.टी.त बसले आणि घरी येईपर्यंत तुमच्याशी भांडत होते. तुमची बाजू मला पाठ आहे, तीसुद्धा मीच मांडत होते. एकदा तर मोठ्यानं बोलले असणार, शेजारची बाई सरकून बसली.

कार्यक्रम झाला. लोक खूप आले. पत्रिका कोणी खाली टाकली नाही. दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या कागदावर एकच पान काढलं, देठापासून शेपटापर्यंत, आणि सुरेशशेठच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "देते. पण कॉम्प्युटरात घेऊन कडा तुमी सवता साफ करायच्या. ऑपरेटरला बशिवलं तर कागद परत न्हेईन."

"मी? काकू, मला वीस कामं हायेत."

"भाऊजींना बी हुती."

बसला. त्याचा पडदा रंगीत, मोठा, माऊसला दोन बटणं. तुमच्यापेक्षा सगळं सोपं, तरी घामाघूम झाला. मी समोर स्टुलावर. "शेपूट आखूड झालं." पुन्हा केलं. "आता उंदराचं झालं." पुन्हा. फोन वाजला, घेऊ दिला नाही. जेवायची वेळ टळली तेव्हा डोळे चोळत म्हणाला, "काकू, भाऊंनी हे त्या पाटीएवढ्या काचेवर काढलं?" मी म्हटलं, "आन् मी समोर बसून नावं ठेवत हुते."

पान त्याच्या कॉम्प्युटरात गेलं, गणपतीच्या, कलशाच्या, चाँद-ताऱ्याच्या शेजारी. उठायच्या आधी मी आणखी एक कबूल करून घेतलं. आता त्याच्याकडं पत्रिकेला माणूस आला, मग तो कुणीही असो, की पहिला प्रश्न विचारायचा: वर काय घालू? नावगाव नंतर. मी बाहेर चप्पल घालत होते तेव्हाच एक जोडपं आत आलं, आणि सुरेशशेठनं माझ्याकडं बघत बघत त्यांना विचारलं. बाई नवऱ्याकडं बघायला लागली. तिला असं कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी गणपतीच सांगितला. सांगू दे. त्यांचा आहे, त्यांनी सांगितला, छापला.

तर पान दिलं, भाऊजी. तुम्हाला न विचारता, तुम्ही डोळे मिटून नाही म्हटलेलं असताना दिलं. "त्यांना बसू द्या" म्हणालात, तो तुमचा शब्द मी पाळला, त्याला बसवलं. "खोडलेलं दिसू द्या" हे मात्र मी ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. तुमच्याकडं याला उत्तर असणार. नेहमी असायचंच. ते काय असेल याचा विचार करत मी दुपारी दुकानात बसते, तीन-चार उत्तरं तुमच्या वतीनं शोधते आणि खोडून काढते, पण तुमच्यासारखा आवाज चढवायला मला जमत नाही. जिंकल्याची मजाच येत नाही.

सोमवारी कोपरगावला जाणार आहे. पान पिशवीत घालून ठेवलंय. तिथला प्रेसवाला फार फटकळ आहे म्हणतात, बायामाणसाला दारातूनच परत पाठवतो. बरंच आहे. तुम्ही गेल्यापासून मला भांडायला कुणी नाही.